कंपनीच्या स्टिरिओला सबवूफरचा अ‍ॅम्प्लिफायर जोडताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी पाच वर्षे जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे. स्टिरिओ गाडीबरोबर आलेला, टचस्क्रीनचा आहे आणि त्याच्या मागे आरसीए सॉकेट (अ‍ॅम्प्लिफायरकडे सिग्नल नेणाऱ्या तारेची गोल सॉकेट) नाहीत. आपण दोन चॅनेलचा अ‍ॅम्प्लिफायर घेतला. त्याची माहितीपुस्तिका ४ ओहमवर प्रत्येकी १०० वॅट आणि ब्रिज केल्यास, म्हणजे दोन्ही चॅनेल एकाच भारावर एकत्र जोडल्यास, ४ ओहमवर ३०० वॅट सांगते. त्याबरोबर ४ अधिक ४ ओहमच्या दुहेरी कॉइलचा १२ इंची सबवूफर घेतला. दुकानात अर्ध्या दिवसात सगळे जोडून मिळाले. आता इंजिन सुरू केले की डिकीतून बारीक शिट्टी ऐकू येते आणि एक्सिलरेटर दाबला की ती वर चढते. आवाज निम्म्याच्या पुढे नेला की अ‍ॅम्प्लिफायरवरचा लाल दिवा लागतो आणि सबवूफर गप्प होतो. दुकानदाराच्या मते अ‍ॅम्प्लिफायर हलका आहे, मोठा घ्यावा लागेल.

मोठा अ‍ॅम्प्लिफायर घेऊ नका, निदान आज तरी नको. गाड्यांत स्टिरिओ बसवण्याच्या कामात माझी अठरा वर्षे गेली आहेत आणि आपण पाठवलेल्या चार फोटोंत मला अ‍ॅम्प्लिफायरचा एकही दोष दिसत नाही. दोष जोडणीत आहेत, आणि ते एका रविवारी दहा नंबरचा पाना, पॉलिश पेपर, क्रिंपिंगची पक्कड आणि साधा मल्टिमीटर एवढ्यावर निघतील.

आधी लाल दिव्याकडे पाहू. तिसऱ्या फोटोत सबवूफरच्या दोन्ही कॉइलचे प्लस एकत्र आणि दोन्ही मायनस एकत्र जोडलेले दिसतात. ४ ओहमच्या दोन कॉइल अशा समांतर जोडल्या की अ‍ॅम्प्लिफायरला २ ओहमचा भार दिसतो. आपला अ‍ॅम्प्लिफायर ब्रिज जोडणीत ४ ओहमपेक्षा कमी भार घेत नाही. पुस्तिकेत ३०० वॅटच्या पुढे छापलेल्या ‘४ ओहम’चा अर्थ तोच आहे. ब्रिज केल्यावर दोन्ही चॅनेल एकाच भाराच्या दोन टोकांना उलटसुलट ढकलत असतात, त्यामुळे प्रत्येक चॅनेलला प्रत्यक्षात निम्माच भार जाणवतो. आज आपल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या प्रत्येक चॅनेलवर १ ओहमचा भार आहे. आवाज लहान असेपर्यंत तो कसाबसा निभावतो; बेसचा जोरदार ठोका आला की विद्युतप्रवाह मर्यादेबाहेर जातो आणि आतले संरक्षण अ‍ॅम्प्लिफायर बंद करते. असा अ‍ॅम्प्लिफायर खरे तर शहाणा म्हणायचा. संरक्षण नसलेल्याचे आऊटपुट ट्रान्झिस्टर एव्हाना जळाले असते.

उपाय म्हणून दोन्ही कॉइल एकसर जोडा. पहिल्या कॉइलचा मायनस दुसऱ्या कॉइलच्या प्लसला जोडायचा; पहिलीचा उरलेला प्लस आणि दुसरीचा उरलेला मायनस अ‍ॅम्प्लिफायरच्या ब्रिज खुणेच्या दोन टर्मिनलांवर न्यायचे. आता एकूण भार ८ ओहम होतो आणि प्रत्येक चॅनेलला तो ४ ओहमचा वाटतो, म्हणजे ज्या भारावर अ‍ॅम्प्लिफायर सर्वांत निवांत चालतो नेमका तोच. अशा जोडणीत आपल्याला २०० वॅट मिळतील. ‘म्हणजे १०० वॅट वाया गेले का?’ हा प्रश्न प्रत्येक ग्राहक विचारतो. ३०० आणि २०० वॅटमधला फरक पावणेदोन डेसिबलांचा असतो; शेजारीशेजारी लावून ऐकवला तरच तो कळतो आणि चालत्या गाडीत तर मुळीच कळत नाही. वॅट दुप्पट केले तरी फक्त ३ डेसिबल वाढतात. एकेका चॅनेलवर एकेक कॉइल जोडण्याचाही मार्ग आहे आणि त्यातही तेवढेच २०० वॅट मिळतात. मात्र डाव्या-उजव्या सिग्नलमध्ये थोडा फरक असला तर दोन कॉइल एकाच कोनाला (सबवूफरच्या पुढेमागे हलणाऱ्या पडद्याला) वेगवेगळ्या जोराने ढकलतात. एकसर जोडणीत दोन्ही कॉइलमधून तोच प्रवाह जातो, म्हणून मी तिचीच शिफारस करीन.

लाल दिवा केव्हा लागतो याकडे पुढेही लक्ष ठेवा. गाडी चालू करताच लागला तर स्पीकरची तार कुठेतरी बॉडीला टेकली आहे किंवा दोन तारा एकमेकींना लागल्या आहेत. वीस-पंचवीस मिनिटांनी, हात ठेववणार नाही इतका अ‍ॅम्प्लिफायर तापल्यावर लागला तर त्याला हवा मिळत नाही. बेसच्या ठोक्याबरोबर डॅशबोर्डचे दिवे मंदावून मग लागला तर व्होल्टेज खाली बसते आहे आणि त्याचे कारण पॉवरच्या तारेत किंवा अर्थमध्ये, म्हणजे बॉडीला जोडलेल्या काळ्या मायनस तारेत, शोधायचे.

आता शिट्टी. ती अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राची असते हे बहुतेकांना ठाऊक असते, पण ती सबवूफरमधून ऐकू येणे हीच एक खूण आहे आणि तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. अल्टरनेटरमध्ये सामान्यतः ध्रुवांच्या सहा जोड्या असतात आणि तीन फेजांचा प्रवाह डायोडांतून सरळ केल्यावर त्याच्या दर फेऱ्यात ३६ लहान लहरी उरतात. इंजिन ८०० फेऱ्यांवर निवांत चालत असताना पुलीच्या गुणोत्तरामुळे अल्टरनेटर साधारण २००० फेऱ्यांनी फिरतो, म्हणजे सेकंदाला सुमारे ३३ फेरे. ३३ गुणिले ३६ केले की १२०० हर्ट्झच्या आसपासचा स्वर येतो. एक्सिलरेटर दाबला की फेरे वाढतात आणि स्वर चढतो. आता सबवूफरला ८० हर्ट्झच्या वरचे काही जाऊच नये अशी गाळणी लावलेली असेल तर १२०० हर्ट्झचा हा स्वर त्यातून जवळजवळ ऐकूच येणार नाही. दर सप्तकाला १२ डेसिबल कापणारी साधी गाळणीसुद्धा त्याला ४५ डेसिबलांहून अधिक दाबते. आपल्याला तो सबवूफरमधून स्पष्ट ऐकू येतो, याचा अर्थ गाळणी लागलेलीच नाही. दुसऱ्या फोटोत अ‍ॅम्प्लिफायरच्या कडेचे तीन जागांचे लहान काळे बटण ‘फुल’वर आहे. ते ‘एलपीएफ’वर (लो-पास फिल्टर, फक्त खालचे स्वर जाऊ देणारी गाळणी) सरकवा आणि शेजारची फिरकी ८० हर्ट्झच्या खुणेवर आणा. शिट्टी बहुतेक तिथेच विझेल आणि सबवूफरमधून गायकाचा घोगरा आवाज येणेही थांबेल. त्याबद्दल आपण काही लिहिलेले नाही, पण तो येत असणार.

मात्र बटण सरकवून शिट्टी गेली म्हणून काम झाले असे समजू नका, कारण ती अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत पोहोचली कशी हा प्रश्न राहतोच. त्याची दोन उत्तरे फोटोंत आहेत. पहिले अर्थचे, आणि त्यावर जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्याकडे तक्रार घेऊन येणाऱ्या दहांपैकी सहा-सात गाड्यांत अखेर तिथेच पोहोचतो.

चौथ्या फोटोत अ‍ॅम्प्लिफायरची काळी तार डिकीच्या कडेला, जॅक धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या पट्टीच्या स्क्रूखाली नुसती गुंडाळून दाबलेली आहे. तिला लग (तारेच्या टोकावर दाबून बसवायची धातूची कडी) नाही, स्क्रूभोवती तारेचे सुटे केस पसरलेले आहेत आणि खालचा पत्रा गाडीच्या रंगाचाच आहे, म्हणजे रंग खरवडलेला नाही. ऑटोमोबाइलचा रंग हा चांगल्यापैकी विद्युतरोधक असतो. ही तार पत्र्याला लागलेलीच नाही. ती स्क्रूच्या आट्यांमधून, जिथे रंग थोडा उडाला असेल तेवढ्या टिचभर जागेतून प्रवाह नेते आहे. त्या जागेचा रोध समजा ०.०५ ओहम आहे. साध्या मल्टिमीटरवर तो शून्यच दिसेल, कारण मीटरच्या स्वतःच्या तारांचा रोधच त्याहून जास्त असतो. पण २५ अँपिअरचा प्रवाह तिथून गेला की सव्वा व्होल्ट तिथेच अडतो. अ‍ॅम्प्लिफायरचा ‘शून्य’ गाडीच्या शून्यापेक्षा सव्वा व्होल्ट वर उचलला जातो, बेसच्या तालावर वरखाली होतो आणि सिग्नलच्या तारेतून दुसरा रस्ता शोधू लागतो. शिट्टीचे मूळ यातच आहे.

अर्थ असा करा. अ‍ॅम्प्लिफायरपासून अर्ध्या मीटरच्या आत बॉडीच्या जाड, वेल्ड केलेल्या पत्र्याची जागा निवडा. बोल्टने बसवलेली पट्टी, बिजागरी किंवा मागच्या सीटची चौकट नको. सीट बेल्टच्या बोल्टला हात लावू नका. तो बोल्ट जागेवर आणि बेताचा घट्ट असणे ही प्रवाशाच्या जिवाची बाब आहे, मग दुकानदार काहीही म्हणो. भोक पाडायचे असेल तर पत्र्याच्या पलीकडे पेट्रोलची टाकी, ब्रेकची नळी किंवा वायरिंगचा गठ्ठा नाही ना हे गाडीखाली वाकून स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. नंतर रुपयाच्या नाण्याएवढी जागा पॉलिश पेपरने घासून लख्ख करा. करडा प्रायमर दिसला की थांबणारे पुष्कळ असतात, पण प्रायमरही रंगच आहे. खाली चकाकणारे लोखंड दिसले पाहिजे. तारेला तांब्याचा लग पकडीने घट्ट क्रिंप करा, त्याखाली दातेरी वॉशर घाला, नटबोल्टने आवळा आणि आवळून झाल्यावर वरून ग्रीस किंवा रंगाचा हात द्या. हे शेवटचे आपल्याकडे विसरता येत नाही. दोन पावसाळे गेले की उघडे लोखंड गंजते, आणि रत्नागिरी-मालवणकडच्या गाड्यांत तर एकाच पावसाळ्यात लगखाली तांबूस पूड जमलेली मी पाहिली आहे. अर्थची तार पॉवरच्या तारेइतक्याच जाडीची हवी. तीही तोच प्रवाह वाहते.

अर्थ बरा झाला की नाही हे ओहमवर मोजू नका. संगीत जोरात लावून मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थ टर्मिनलवर आणि दुसरे, लांब तार जोडून, बॅटरीच्या मायनसवर लावा. ०.१ व्होल्टच्या आसपास दिसले तर उत्तम, ०.२ च्या वर गेले तर पुन्हा पॉलिश पेपर हातात घ्या.

अर्थ थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत ओढून न्यावा का, असेही काही जण विचारतात. लहान गाडीत त्याची गरज नसते. शिवाय अलीकडच्या ज्या गाड्यांत चौकातल्या सिग्नलवर इंजिन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होते, त्यांतल्या बऱ्याच गाड्यांत बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर एक लहान सेन्सर बसवलेला असतो आणि बॅटरीतून किती प्रवाह आला-गेला याचा हिशेब तो ठेवतो. त्याला वळसा घालून थेट बॅटरीच्या खांबाला तार जोडली की हिशेब चुकतो. बॉडीला दिलेला अर्थ त्या सेन्सरमधूनच परततो, म्हणून तोच बरोबर.

दुसरे उत्तर आहे तारांच्या मार्गाचे. पहिल्या फोटोत लाल पॉवर तार आणि आरसीए तार एकाच गठ्ठ्यात टेप गुंडाळून ड्रायव्हरच्या बाजूने मागे नेल्या आहेत. दिसायला नीटनेटके, पण चुकीचे. पॉवरच्या तारेत अल्टरनेटरच्या लहरी सतत धावत असतात आणि पाच मीटर शेजारून जाणारी आरसीए तार त्या उचलते. पॉवर एका बाजूच्या दारांच्या उंबऱ्याखालून आणि सिग्नल दुसऱ्या बाजूच्या उंबऱ्याखालून न्या. उंबऱ्यावरच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या हाताने उचकटून निघतात. स्क्रू ड्रायव्हर घातला की क्लिप तुटतात. तार सीटच्या रुळाखालून जाणार नाही याची खात्री करा. कधीतरी मागे बसलेल्या आजोबांसाठी पुढची सीट सरकवली जाते आणि तारेचे आवरण चिरते.

पॉवरच्या तारेबद्दल फोटोवरून सांगता येत नाही, म्हणून स्वतः तपासा. बाजारात ‘४ गेज’ (गेज हे तारेच्या जाडीचे माप, आकडा लहान तितकी तार जाड) म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ तारा करंगळीएवढ्या जाड दिसतात, पण ती जाडी प्लॅस्टिकची असते. मागच्या वर्षी एका ग्राहकाची अशीच तार मी कापली, तेव्हा आत उदबत्तीच्या काडीपेक्षा थोडा जाड गाभा निघाला, आणि त्याचा एक केस ब्लेडने खरवडल्यावर तांबूस साल जाऊन खालून पांढरे अ‍ॅल्युमिनियम दिसले. तांब्याचा मुलामा दिलेल्या या तारेला बाजारात ‘सीसीए’ म्हणतात. ती शुद्ध तांब्याच्या सुमारे ६० ते ६५ टक्केच विद्युत वाहते, लगमध्ये दाबल्यावर हळूहळू सैल होते आणि सैल झाली की तापते. खऱ्या ४ गेजचा छेद २१ चौरस मिलिमीटर आणि ८ गेजचा सुमारे ८.४ चौरस मिलिमीटर असतो. आपला अ‍ॅम्प्लिफायर २०० वॅटवर चालताना, कार्यक्षमता ६० टक्के धरली तर, जास्तीत जास्त २४-२५ अँपिअर ओढेल. संगीतात सरासरी त्याहून पुष्कळ कमी. पाच मीटर लांबीच्या तांब्याच्या ८ गेज तारेत २५ अँपिअरला पाव व्होल्ट पडतो, आणि तेवढा पडला तर काही बिघडत नाही. म्हणजे आपल्याला प्रामाणिक ८ गेज पुरते आणि ती खोट्या ४ गेजपेक्षा कितीतरी बरी. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर दुकानातच टोकाचे आवरण सोलून एक केस खरवडून पाहा. खरा माल विकणारा दुकानदार त्याला हरकत घेत नाही.

फ्यूजबद्दल मात्र तडजोड नाही. बॅटरीच्या प्लसपासून ४५ सेंटीमीटरच्या आत फ्यूज होल्डर हवाच. अ‍ॅम्प्लिफायरवर फ्यूज आहेत, मग पुढे कशाला, हा युक्तिवाद मी दुकानदारांकडूनही ऐकला आहे. अ‍ॅम्प्लिफायरवरचे फ्यूज अ‍ॅम्प्लिफायरला वाचवतात. पुढचा फ्यूज वाचवतो तो बोनेटपासून डिकीपर्यंतच्या पाच मीटर तारेला, आणि पर्यायाने गाडीला. इंजिनच्या भिंतीतल्या भोकाशी ती तार घासून पत्र्याला लागली तर बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर ओतते, तार लाल होते आणि खालचे कार्पेट पेटते. म्हणून त्या फ्यूजचा आकडा तारेच्या क्षमतेपेक्षा मोठा कधीच नको. तांब्याच्या ८ गेजला ४० अँपिअरचा फ्यूज लावा. फ्यूज उडाला म्हणून ८० चा टाकणे म्हणजे तो काढून टाकण्यासारखेच आहे. भिंतीतून तार नेताना गाडीच्या मूळ वायरिंगचे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसवलेली रबराची कडी) वापरा, पत्र्याच्या उघड्या कडेवरून तार नेऊ नका. आणि हे सगळे करण्यापूर्वी बॅटरीचा मायनस काढून ठेवा. स्टिरिओला सुरक्षा कोड असेल तर तो आधी हाताशी ठेवा, नाहीतर संध्याकाळी गाडी आहे पण स्टिरिओ कुलूपबंद, अशी गत होते.

आता सिग्नल. आपल्या स्टिरिओला आरसीए नाहीत म्हणून दुकानदाराने त्याच्या मागे स्पीकरच्या तारांना एक लहान कन्व्हर्टर लावून तिथून लांब आरसीए ओढली आहे. पण आपल्या अ‍ॅम्प्लिफायरवर ‘हाय इनपुट’ लिहिलेले चार तारांचे पांढरे सॉकेट फोटोत रिकामे दिसते आहे! ते याच कामासाठी असते. स्पीकरच्या तारांतला सिग्नल काही व्होल्टांचा असतो. स्वस्त कन्व्हर्टरमधून बाहेर पडणारा त्याच्या कितीतरी पट दुबळा असतो. सबळ सिग्नल घेऊन लांबचा प्रवास केला तर वाटेत शिरलेला गोंगाट त्यापुढे नगण्य ठरतो. कन्व्हर्टर काढून टाका, स्टिरिओपासून साध्या स्पीकर तारेच्या पिळलेल्या दोन जोड्या मागे आणा आणि अ‍ॅम्प्लिफायरबरोबर आलेल्या पांढऱ्या कनेक्टरला जोडा.

तारा घ्यायच्या त्या मागच्या दारांच्या स्पीकरच्या. पार्किंगची टुकटुक आणि नकाशाचा आवाज बहुधा पुढच्या स्पीकरमधून येतात. ते सबवूफरकडे नेण्यात अर्थ नाही. बाहेरून घेतलेल्या स्टिरिओंत मागच्या डाव्या स्पीकरची जोडी हिरवी आणि उजव्याची जांभळी असते, काळ्या रेघेची तार मायनस. कंपनीच्या वायरिंगमध्ये हे रंग पाळले जातीलच असे नाही, म्हणून रंगावर न जाता तार ओळखा: स्टिरिओचा कनेक्टर काढून दीड व्होल्टचा सेल त्या जोडीला क्षणभर टेकवला की संबंधित दारातून ‘टक’ ऐकू येते. दार उघडून आतली जाळी काढली असेल तर कोन कुठे हलतो हेही दिसते. सेलचा प्लस ज्या तारेला लावल्यावर कोन बाहेर येतो ती प्लस.

इथे एक चूक गाडीचा स्टिरिओ कायमचा घालवू शकते. गाडीतल्या स्टिरिओच्या आतले अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच ब्रिज पद्धतीचे असते. त्यामुळे स्पीकरची मायनस तार म्हणजे अर्थ नव्हे. स्टिरिओ चालू असताना प्लस आणि मायनस या दोन्ही तारांवर बॉडीच्या तुलनेत बॅटरीच्या निम्मे, म्हणजे ६ ते ७ व्होल्ट असतात. ‘मायनस तर मायनसच’ म्हणून ती तार बॉडीला किंवा अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थला जोडली की स्टिरिओची आऊटपुट आयसी शॉर्ट होते. काही स्वस्त कन्व्हर्टरांत डाव्या-उजव्या चॅनेलचे मायनस आत एकत्र करून अर्थला दिलेले असतात आणि मग दारांच्या स्पीकरमधूनही शिट्टी किंवा खरखर येऊ लागते. असे एक कन्व्हर्टर उघडून त्यातला डाग (सोल्डरचा जोड) मी स्वतः पाहिला आहे.

कंपनीच्या तारा कापू नका. आपल्या गाडीच्या मॉडेलचा कपलर मिळतो. स्टिरिओ आणि मूळ कनेक्टर यांच्यामध्ये तो बसवला की मधून तारा काढता येतात आणि उद्या गाडी विकताना सगळे पूर्ववत होते. वॉरंटीच्या काळातल्या गाडीला तर हे अनिवार्य समजा, कारण कापलेल्या वायरिंगचा दावा सर्व्हिस सेंटर मान्य करीत नाही. नुसती तार सोलून पीळ देऊन टेप गुंडाळणे हा प्रकार उन्हाळ्यात बंद गाडीच्या उकाड्यात टिकत नाही, टेपचा चिकट द्रव सुटतो आणि जोड उघडा पडतो. डाग द्या किंवा नीट क्रिंप करा आणि वर आकसणारी नळी चढवा.

अ‍ॅम्प्लिफायर चालू-बंद करणाऱ्या ‘रिमोट’ टर्मिनलचे काम सोपे आहे, तरी चुकते. त्याला स्टिरिओ चालू असतानाच १२ व्होल्ट मिळायला हवेत. कंपनीच्या स्टिरिओला अशी तार नसते, म्हणून काही जण रिमोट सरळ बॅटरीच्या पॉवरला जोडून टाकतात. मग अ‍ॅम्प्लिफायर रात्रंदिवस जागा राहतो आणि पेट्रोल हॅचबॅकमधली ३५ अँपिअर-अवरची बॅटरी चार दिवस गाडी उभी राहिली तर बसते. ‘हाय इनपुट’ असलेले अनेक अ‍ॅम्प्लिफायर वर सांगितलेले ६ व्होल्ट ओळखून आपोआप चालू होतात. पुस्तिकेत तसा उल्लेख असेल तर रिमोटची तार लागतच नाही. नसेल तर चावी ‘अ‍ॅक्सेसरी’वर असताना चालू होणाऱ्या फ्यूजवरून, म्हणजे बहुधा सिगारेट लायटरच्या सॉकेटच्या, फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसवून वेगळी तार काढायचा जोड) लावून बारीक तार न्या. रिमोटला मिलिअँपिअरमध्येच प्रवाह लागतो, तिथे १ अँपिअरचा फ्यूज पुरे.

जोडणी झाल्यावर ‘गेन’. ही फिरकी आवाज मोठा करण्यासाठी नाही. स्टिरिओकडून येणारा सिग्नल आणि अ‍ॅम्प्लिफायरची पूर्ण क्षमता यांचा मेळ घालण्यासाठी आहे. पद्धत अशी: सबवूफरच्या तारा सोडवा. स्टिरिओचे बेस, ट्रेबल शून्यावर आणा, लाऊडनेस आणि वेगाबरोबर आवाज वाढवणारी सुविधा बंद करा. अ‍ॅम्प्लिफायरवर ‘बेस बूस्ट’ असेल तर तोही शून्यावर ठेवा आणि तिथेच कायमचा राहू द्या. पूर्ण पातळीवर ध्वनिमुद्रित केलेला ५० हर्ट्झचा चाचणी स्वर पेन ड्राइव्हवरून लावा आणि स्टिरिओचा आवाज त्याच्या कमाल आकड्याच्या तीन चतुर्थांशावर न्या. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्प्लिफायरच्या ब्रिज टर्मिनलांवर मोजा आणि गेन शून्यापासून हळूहळू वाढवा. किती व्होल्ट हवेत याचे गणित सोपे आहे: वॅट गुणिले ओहम, त्याचे वर्गमूळ. आपल्यासाठी २०० गुणिले ८ म्हणजे १६००, त्याचे वर्गमूळ ४०. मी ३५-३६ व्होल्टवरच थांबतो, कारण भार जोडल्यावर आणि इंजिन बंद असताना अ‍ॅम्प्लिफायरला पूर्ण ४० स्वच्छ देता येतीलच असे नाही. त्या पलीकडे गेन नेला की लहरींचे माथे कापले जातात. कॉइल जळते ती बहुतेक वेळा अशा कापलेल्या सिग्नलवर बराच वेळ जोरात वाजवल्याने. सबवूफरच्या खोक्यावर १२०० वॅट छापलेले असतील. आतल्या कागदावर ‘आरएमएस’च्या (सतत झेपणाऱ्या वॅटच्या) पुढे काय आहे ते पाहा. साधारण २५० असेल, आणि २०० ला ते शोभून दिसते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. कंपनीचे काही स्टिरिओ आवाज वाढवत नेल्यावर दारांतले लहान स्पीकर फाटू नयेत म्हणून बेस स्वतःच कमी करत जातात. तीन चतुर्थांश आवाजावर व्होल्ट वाढण्याऐवजी थबकले किंवा उतरले तर ही त्याचीच खूण समजा, आणि निम्म्या आवाजावर मोजून गेन ठरवा.

आता सबवूफर पुन्हा जोडा, ओळखीचे गाणे लावा, ढोलकी किंवा पखवाज असलेले असेल तर उत्तम, आणि अ‍ॅम्प्लिफायरवरचे फेजचे बटण ० आणि १८० असे आलटून पालटून पाहा. ड्रायव्हरच्या जागेवर बसून ज्या बाजूला बेस भरीव लागतो ती ठेवा. असे बटण नसेल तर सबवूफरच्या दोन तारांची अदलाबदल केली की तेच होते. ‘सबसॉनिक’ गाळणी (अगदी खोल स्वर कापणारी) असेल तर भोक असलेल्या पेटीसाठी ती २५ ते ३० हर्ट्झवर लावा. बंद पेटीला तिची फारशी गरज पडत नाही. अ‍ॅम्प्लिफायर सबवूफरच्या पेटीवरच स्क्रूने बसवला असेल तर काढा. पेटीची थरथर वर्षभरात त्याच्या आतले डाग सैल करते. तो मागच्या सीटच्या पाठीला किंवा लाकडी फळीवर लावा आणि भोवती चार बोटे हवा खेळू द्या.

पंधरा दिवस गाडी चालली की एकदा बोनेटखालचा फ्यूज होल्डर, अ‍ॅम्प्लिफायरची टर्मिनले आणि अर्थचा नट हाताने चाचपून पाहा. नव्या तारेचे केस दबून बसतात आणि स्क्रू पाव-अर्धा फेरा ढिले होतात; ते पुन्हा आवळा. जोरात वाजवून लगेच हात लावल्यावर एखादा जोड शेजारच्या तारेपेक्षा गरम लागला, तर नुसता आवळू नका, काढून नवा लग क्रिंप करा. एवढे केल्यावरही शिट्टी उरली तर ‘हाय इनपुट’चा पांढरा कनेक्टर काढून इंजिन चालू करा (अ‍ॅम्प्लिफायर त्याच तारांवरून आपोआप चालू होत असेल तर आधी रिमोट टर्मिनलला तात्पुरते १२ व्होल्ट द्या, नाहीतर तो बंदच राहील): शिट्टी थांबली तर ती सिग्नलच्या तारांतून येते आहे, तशीच राहिली तर पॉवर किंवा अर्थमधून. काय आढळले ते आणि अर्थवरचे व्होल्टचे माप, दोन्ही मला कळवा. पुढचे त्यावरून सांगता येईल.